साखळीची बेगमी कोणाच्या पैशांनी?

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मे महिना निम्मा सरला की माझ्या कार्यालयाच्या मेलवर एक प्रश्नावली येऊन पडते. गेली काही वर्षे हा नेमच झाला आहे. पुणे-चाकण पट्ट्यातील ज्या ग्राहकांना आम्ही ओतीव सुटे भाग पुरवतो, त्यांच्या खरेदी विभागाकडून ती येते आणि तिच्यात पूर, आग, संप, वीजखंड, संगणकीय हल्ला अशा एकेका संकटापुढे ‘आपली तयारी आहे काय?’ असा रकाना असतो. सगळ्या रकान्यांत ‘होय’ लिहून, शिक्का मारून ती परत पाठवली की पुरवठा साखळी संकटांना तोंड देण्यास सज्ज झाली, असे पाठवणारा आणि भरणारा असे दोघेही समजून चालतात. मी कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीत एक लहान फाउंड्री, म्हणजे धातूचे ओतकाम करणारा कारखाना, चालवतो आणि असे शिक्के मीही मारले आहेत. आपल्या दैनिकात पुरवठा साखळीविषयी अलीकडे बरेच लिहिले जाते, परंतु त्या लेखनात साखळीच्या अगदी खालच्या कडीची बाजू क्वचितच येते, म्हणून हे पत्र.

ट्रकच्या चाकाचा हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, घ्या. तो एसजी आयर्नचा, म्हणजे चिवट जातीच्या बिडाचा असतो. ग्राहकाच्या संगणकात त्या हबापुढे पुरवठादार म्हणून फक्त माझ्या कारखान्याचे नाव असते. प्रत्यक्षात त्यातील पिग आयर्न, म्हणजे भट्टीत वितळवायचे कच्चे लोखंड, गोवा, रेडी किंवा कर्नाटकातील कोप्पळकडून येते. साच्याची सिलिका वाळू सिंधुदुर्गातील कासार्डे भागातून घाट चढून येते, त्या वाळूला बांधणारे बेंटोनाइट कच्छचे असते आणि भट्टीच्या अस्तराचा रॅमिंग मास राजस्थानातून येतो. ओतलेला माल शिरोलीच्या मशीनशॉपमध्ये जातो, म्हणजे पंचगंगा ओलांडतो, आणि तेथून पुण्याला निघतो. यांपैकी कोणतीही एक गोष्ट चार दिवस अडली की हब होत नाही, किंवा झाला तरी पोहोचत नाही. प्रश्नावलीत यातले काहीच विचारलेले नसते, कारण प्रश्नावली एका कडीपुरती असते आणि संकट बहुधा तिच्या मागच्या तिसऱ्या-चौथ्या कडीवर येते.

याचा मला स्वतःला सर्वांत मोठा धडा मिळाला तो २०२१ साली, आणि तो पुराने दिलेला नव्हता. साध्या करड्या बिडाचे एसजी आयर्न करायचे तर वितळलेल्या धातूत फेरो-सिलिकॉन-मॅग्नेशियम टाकावे लागते. टनामागे साधारण बारा ते वीस किलो. आम्ही ते व्यापाऱ्याकडून पोत्यांत घेतो. त्याच्या मागे काय आहे, याचा विचार करण्याचे कधी कारणच पडले नव्हते. त्या वर्षी सप्टेंबरात चीनच्या शान्शी प्रांतातील फूगू भागात विजेचा वापर आटोक्यात आणण्यासाठी मॅग्नेशियमचे कारखाने बंद ठेवण्याचे किंवा उत्पादन घटवण्याचे आदेश निघाले. जगातील मॅग्नेशियमपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक चीनमध्ये तयार होते, त्यामुळे भाव काही आठवड्यांत कुठल्या कुठे गेला आणि युरोपातील अॅल्युमिनियम उद्योगाने जाहीरपणे धोक्याची घंटा वाजवली. आमच्याकडे मात्र बातमी म्हणून काही आलेच नाही. आला तो व्यापाऱ्याचा फोन, की पुढच्या मालाचा भाव आता सांगता येणार नाही आणि पैसे आगाऊ लागतील. ज्या धातूचे नावसुद्धा माझ्या खरेदीच्या वहीत स्वतंत्रपणे लिहिलेले नव्हते, त्याच्यावर माझे निम्म्याहून अधिक उत्पादन अवलंबून होते. त्या महिन्यात मी प्रथमच प्रत्येक मालापुढे ‘हा कोठून येतो?’ एवढाच रकाना नाही, तर ‘त्याचा माल कोठून येतो?’ असाही रकाना आखला.

तसे पाहिले तर कच्च्या मालाची टंचाई आमच्या पिढीला नवी नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बळ्ळारीतील खाणकाम थांबवले आणि पुढच्याच वर्षी गोव्यातील खाणी बंद झाल्या, तेव्हा लोहखनिजाअभावी पिग आयर्नची कशी ओढाताण झाली हे कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांना आठवत असेल. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटल्यावर भाव इतके हलले की मे महिन्यात केंद्र सरकारने पिग आयर्नवर १५ टक्के निर्यातशुल्क लावले आणि नोव्हेंबरात ते काढूनही घेतले. ग्राहकाशी दराचा करार तिमाहीचा आणि लोखंडाचा भाव मात्र रोजचा, असे ते दिवस होते.

पुराची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण तो आमच्या दारातला आहे. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले. २०१९ ला शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला आणि जवळजवळ आठवडाभर वाहतूक थांबली. दक्षिणेकडे निपाणीजवळ यमगर्णीलाही वेदगंगेने रस्ता अडवला होता. मध्ये आमची वसाहत कोरडी, भट्टी चालू, वीजही बहुतेक वेळ होती. पण माल घेऊन निघालेले दोन ट्रक पुलाच्या अलीकडेच उभे राहिले, मशीनशॉप नदीच्या पलीकडे राहिले आणि दोन महत्त्वाचे पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उठवण्याचे लाकडी नमुने, दुरुस्तीसाठी शहराच्या सखल भागातल्या कारागिराकडे दिलेले होते, ते पाण्यात फुगून वाया गेले. ज्या ग्राहकाची असेंब्ली लाइन आमच्या मालाअभावी थांबली, त्याने पूर ओसरल्यावर सहानुभूतीचे पत्र पाठवले आणि त्याच महिन्याच्या बिलातून नुकसानीच्या वसुलीची डेबिट नोट वळती करून घेतली. त्या ग्राहकाचे नाव घेण्याचे कारण नाही. तशीच अट बहुतेक सर्वांच्या खरेदी करारात असते आणि त्यावर सही मीच केली होती.

२०२१ च्या पावसाळ्याआधी आम्ही काही गोष्टी बदलल्या. पाणी ३९ फुटांना लागले की कोणाच्या आदेशाची वाट न पाहता तयार माल नदीपलीकडे, पुण्याच्या बाजूला भाड्याने घेतलेल्या जागेत हलवायचा, असा नियम भिंतीवर लिहून लावला. हा आकडा निवडण्याचे कारण साधे आहे. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले आणि धरणक्षेत्रात पाऊस टिकून राहिला, की पाणी कोठे जाणार याचा अंदाज इकडच्या माणसाला असतोच, प्रश्न असतो तो निर्णय कोणी आणि कधी घ्यायचा याचा. ४३ फुटांची वाट पाहत बसले तर भाड्याचा ट्रक मिळत नाही, आणि मिळालाच तर तिप्पट भाड्याने. पॅटर्न जूनआधीच दुरुस्त करून आणायचे ठरवले. कोअर, म्हणजे ओतीव भागात पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा, करणाऱ्या दोन कुशल कामगारांची घरे नदीकाठच्या गावांत आहेत, त्यांच्या मुक्कामाची सोय मात्र आमच्या ध्यानात आली नव्हती. त्यामुळे जुलैत माल पलीकडे, पॅटर्न सुरक्षित आणि कोअर करायला माणूस नाही, असे तीन दिवस गेले. तरीही २०१९ च्या मानाने नुकसान बरेच कमी झाले, आणि त्याला लागलेला खर्च म्हणजे तीन महिन्यांचे जागाभाडे आणि थोडी हमाली, एवढाच होता.

आपल्याकडे मृग लागण्याआधी घरोघर पावसाळ्याची बेगमी होत असे. धान्य, डाळी, सरपण, गुरांसाठी वैरण. त्या बेगमीत एक शहाणपण होते, ते असे की सगळेच भरून ठेवायचे नसते. भाजी कोणी साठवत नाही आणि मीठ संपू देत नाही. कारखान्यातही हेच गणित आहे. समजा महिन्याला दोनशे टन धातू वितळवणाऱ्या फाउंड्रीने धातूचा पंधरा दिवसांचा साठा ठेवायचे ठरवले आणि धातूचा भाव टनाला चाळीस हजार धरला, तर सुमारे चाळीस लाख रुपये अंगणात पडून राहतात आणि कॅश क्रेडिटच्या अकरा टक्के व्याजाने वर्षाला चार लाखांहून अधिक त्यावर जातात. हा भार लहान उद्योगाला झेपत नाही आणि भाव कोसळला तर आणखी तोटा होतो. उलट तापमान मोजण्याच्या थर्मोकपल टिप, गाळणीचे सिरॅमिक फिल्टर, एक पूर्ण अस्तर होईल इतका रॅमिंग मास, भट्टीच्या पॅनेलची दोन-तीन नेहमी जळणारी कार्डे, फेरो-सिलिकॉन-मॅग्नेशियमची कोरड्या जागी ठेवलेली जादा पोती, हे सारे मिळून त्याच्या पाचव्या हिश्शात येते आणि यांपैकी कोणतीही वस्तू संपली तर चाळीस लाखांचे लोखंड असूनही भट्टी थंड राहते. सिलिका वाळू पावसात ओली येते, घाटात दरड कोसळली तर येतच नाही, म्हणून ती मेअखेर भरून ठेवण्याची रीत आमच्याकडे पूर्वीपासून आहे. कोअरसाठी लागणारे रेझिन मात्र ठरावीक मुदतीनंतर निकामी होते, तेव्हा भीतीपोटी त्याची पिंपे आणून ठेवणे हा शुद्ध अपव्यय आहे. (हा अपव्यय मी एकदा केला आहे.)

साठा म्हणजे मागासलेपण आणि शून्य साठा म्हणजे आधुनिक व्यवस्थापन, अशी एक समजूत गेल्या तीस वर्षांत आपल्या उद्योगक्षेत्रात रुजली आणि तिच्या समर्थनासाठी नेहमी टोयोटाचे नाव घेतले गेले. टोयोटाने स्वतः काय केले ते पाहण्यासारखे आहे. १ फेब्रुवारी १९९७ रोजी पहाटे तिच्या आयसिन सेकी या पुरवठादाराच्या कारिया येथील कारखान्याला आग लागली. ब्रेकमधील पी-व्हॉल्व्ह हा लहानसा भाग टोयोटाला जवळजवळ सर्वच्या सर्व तेथूनच मिळत असे आणि हाताशी असलेला साठा अगदी थोडा होता. जपानमधील टोयोटाचे जवळजवळ सगळे कारखाने थांबले. पण आठवडाभरात गाडी रुळावर आली, कारण आयसिनने आपली ड्रॉइंग इतरांपुढे मोकळी केली आणि शिवणयंत्रे करणाऱ्या ब्रदर कंपनीपर्यंत अनेकांनी आपापल्या यंत्रांवर ते व्हॉल्व्ह करून दिले. पुढे मार्च २०११ च्या भूकंपानंतर टोयोटाने आपल्या पुरवठादारांच्या मागच्या पुरवठादारांचीही नोंद करायला घेतली आणि सेमीकंडक्टरसारख्या मोजक्या भागांचा दोन ते सहा महिन्यांचा साठा ठेवण्यास सांगितले. २०२१ च्या आरंभी चिपअभावी जगभरच्या वाहन कंपन्या उत्पादन घटवत असताना टोयोटा सुरुवातीला तरी इतरांपेक्षा बऱ्या स्थितीत राहिली ती यामुळे. ज्यांनी शून्य साठ्याचा मंत्र दिला त्यांनी तो कोठे लागू करायचा नाही, हेही ठरवले. आपण मंत्र घेतला आणि ही दुसरी बाजू घेतली नाही.

आमच्याकडे तर शून्य साठा हा शब्दच फसवा आहे. साठा शून्य होत नाही, तो फक्त खाली ढकलला जातो. मोठी कंपनी आपल्या दारात दोन तासांचा माल ठेवते, तिच्या थेट पुरवठादाराने पाच दिवसांचा ठेवावा असे त्याला सांगते, तो माझ्याकडून पंधरा दिवसांचा मागतो. या पंधरा दिवसांच्या मालाचे व्याज मी भरतो, आणि माझ्या कर्जाचा दर त्या कंपनीच्या दरापेक्षा नेहमीच अधिक असतो. सर्वांत महाग पैशाने सर्वांत मोठा साठा सांभाळायचा, अशी ही व्यवस्था आहे.

त्यात पैसे वेळेवर येत नाहीत. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ चा आहे. त्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागते, उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने दरमहा चक्रवाढ व्याज लागू होते. असे व्याज मागून पुढची ऑर्डर टिकवणारा लघुउद्योजक मी अद्याप पाहिलेला नाही. २०२३ च्या वित्त कायद्याने त्याच्या पुढचे पाऊल टाकले आणि मुदतीत न दिलेली अशी रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी करासाठी खर्च म्हणून दाखवता येणार नाही, अशी तरतूद आणली. तिचा उपयोग झाला, हे मान्य केले पाहिजे. मार्चअखेर पैसे येऊ लागले. पण एका खरेदी अधिकाऱ्याने मला फोनवर, अर्थात तोंडीच, उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग असल्याची सरकारी नोंद, रद्द करता येईल का असेही विचारले होते. बिलांवर लवकर पैसे मिळवून देणाऱ्या ट्रेड्स या व्यासपीठावर २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना नोंदणी बंधनकारक झाली आहे. मात्र नोंदणी केली तरी प्रत्यक्ष बिल तेथे स्वीकारण्याची घाई सगळ्यांना असते असे नाही, आणि स्वीकाराशिवाय ते व्यासपीठ आमच्या उपयोगाचे नाही. पुरवठादाराची तयारी तपासणाऱ्या प्रश्नावलीत ‘आमच्याकडून आपले किती दिवसांचे येणे बाकी आहे?’ हा प्रश्न मी आजवर वाचलेला नाही, वास्तविक पाहता त्याच एका उत्तरावरून पुरवठादार पुढचे संकट तरून जाईल की नाही याचा बराच अंदाज बांधता येतो.

दुसरी अडचण पर्यायी स्रोताची. ‘आपला कारखाना बंद पडल्यास पर्यायी व्यवस्था काय?’ या रकान्यात मी वसाहतीतल्या एका शेजारच्या फाउंड्रीचे नाव लिहितो आणि ती माझे नाव लिहिते. दोघांच्या मोल्डिंग बॉक्सचे, म्हणजे साच्याच्या पेट्यांचे, माप एकच आहे, त्यामुळे माझा पॅटर्न त्यांच्याकडे चालू शकतो. पण त्यांनी ओतलेला हब ग्राहक स्वीकारणार नाही, कारण नव्या जागी ओतलेल्या भागाचे नमुने, मापांचा अहवाल, धातूची तपासणी आणि गाडीवरील चाचणी होऊन मंजुरी मिळायला काही महिने लागतात. गुणवत्तेसाठी ही पद्धत आवश्यक आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार एवढीच की ती मंजुरी उन्हाळ्यात, सगळे सुरळीत असताना, महत्त्वाच्या पाच-सहा भागांपुरती घेऊन ठेवण्यास खरेदी विभाग तयार होत नाही. चाचणीचा खर्च कोणी करायचा यावर विषय थांबतो. शिवाय शेजाऱ्याला माझे दर कळतील, तो माझा ग्राहक नेईल, ही भीती आम्हा फाउंड्रीवाल्यांच्याही मनात आहे. आयसिनला आग लागल्यावर तिने ड्रॉइंग उघडी केली, त्यात तिचे मोठेपण होतेच, पण काम परत आपल्याकडेच येईल ही खात्रीही तिला होती. तशी लेखी हमी ग्राहकाने दिली, तर आमच्या वसाहतीतही पॅटर्न एका दारातून दुसऱ्या दारात जायला वेळ लागणार नाही. आमच्या उद्योजक संघटनांनी असा नमुना करार तयार करून घ्यावा, अशी सूचना मी येथे जाहीरपणे करतो.

समुद्रापलीकडच्या घडामोडींविषयी थोडेच लिहितो, कारण त्या आमच्या हातात नाहीत. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे युरोपकडे जाणारी जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि प्रवास दहा-चौदा दिवसांनी लांबला. निर्यात करणाऱ्या माझ्या काही मित्रांचे खेळते भांडवल तेवढे दिवस पाण्यावर तरंगत राहिले. एप्रिल २०२५ मध्ये चीनने विद्युत मोटरच्या चुंबकांसाठी लागणाऱ्या दुर्मिळ मृदा धातूंच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा बजाज ऑटोसारख्या कंपनीलाही विद्युत चेतक स्कूटरच्या उत्पादनावर परिणाम होत असल्याचे सांगावे लागले. त्यानंतर नोव्हेंबरात केंद्राने देशात अशी चुंबके तयार करण्यासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. योजना स्वागतार्ह आहे, पण कारखाने उभे राहून त्यांतून माल येईपर्यंत ज्याच्याकडे थोडा साठा असेल त्याचेच काम चालेल. आणि संगणकीय हल्ला ही केवळ शहरी कंपन्यांची गोष्ट आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी जून २०१७ आठवावा. मर्स्क या जहाज कंपनीच्या संगणकांवर हल्ला झाला आणि न्हावा शेवा बंदरातील तिच्या गटाच्या टर्मिनलचे कामकाज ठप्प झाले. ग्राहकाच्या मागणीचे शेड्यूल आता केवळ त्याच्या पोर्टलवर दिसते. ते दर सोमवारी छापून फायलीत लावण्याची माझ्या लेखनिकाची सवय मी यापुढे थट्टेचा विषय करणार नाही.

विम्याबद्दल एकच गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. कारखान्यात पाणी शिरले तर नेहमीच्या पॉलिसीतून भरपाई मिळू शकते, परंतु कारखाना कोरडा राहिला आणि रस्ता किंवा पुरवठादार पाण्याखाली गेला, तर झालेल्या उत्पादनहानीला ती पॉलिसी लागू होत नाही, त्यासाठी वेगळे संरक्षण विचारून घ्यावे लागते. २०१९ नंतर हे मला विमा प्रतिनिधीने सांगितले. आधी मी विचारले नव्हते, आणि त्यानेही सांगितले नव्हते.

शासनाकडे मागणी जुनीच आहे. शिरोलीजवळ महामार्गाचा भराव पाण्याला आडवा येतो, तेथे भरावाऐवजी खांबांवरचा रस्ता व्हावा, असे पूरग्रस्त गावे आणि उद्योजक दोघेही सांगत आले आहेत. हे काम होईपर्यंत निदान एवढे व्हावे की पाणी इशारा पातळीला आल्यावर अवजड वाहने कोठे थांबवली जाणार, कोणत्या पर्यायी मार्गाने सोडली जाणार, याचा आराखडा जिल्हा प्रशासनाने मे महिन्यातच औद्योगिक वसाहतींना लेखी द्यावा. घाटरस्त्यांच्या बाबतीतही तसेच. दुरुस्तीसाठी घाट बंद ठेवायचा असेल तर त्याची सूचना वाळू भरण्याच्या हंगामाआधी मिळाली पाहिजे.

यंदाची प्रश्नावली माझ्यासमोर आहे. पंधरा दिवसांच्या साठ्याच्या रकान्यात मी या वेळी ‘होय’ लिहिलेले नाही. ज्या सहा वस्तूंचा साठा मी खरोखर ठेवला आहे त्यांची यादी जोडली आहे, उरलेल्यासाठी ग्राहकाने मालाचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत आणि शेजारच्या फाउंड्रीला दोन हबांची मंजुरी ७ जूनपूर्वी नाही तरी दिवाळीपूर्वी द्यावी, असे लिहून खाली सही केली आहे. उत्तर आल्यास आपल्याला अवश्य कळवीन.

आपला,
एक फाउंड्रीचालक,
गोकुळ शिरगाव, जि. कोल्हापूर